उजवीकडची मोकळी जागा

या, असे पुढे सरका. लांब बसलं की निम्मी कथा खांबालाच ऐकू जाते, आणि खांबाला काही पाझर फुटत नाही. पाय दुखत असतील तर मोकळे सोडा, मांडीवर लेकरू झोपलं असेल तर झोपू द्या. सोलापुरातल्या एका बाईची कथा सांगायची आहे. देव सगळ्यांकडे बघतो म्हणतात. या बाईला तेवढं मोठं मागणं नव्हतंच. तिच्याकडे एकाच माणसानं बघावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती इच्छा घेऊन ती गेली कुठे, तर हौशी फोटोवाल्यांच्या बैठकीत. ऐका आता.

"हा माणूस फोटोत आहे," उदयसिंह म्हणाला, "पण तिथं नाही."

पडद्यावर एक म्हातारा होता. दारातल्या खुर्चीत बसलेला, डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला विभूती. तोंड कॅमेऱ्याकडे होतं आणि नजर मात्र कॅमेऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे, कुठंच.

पार्क चौकाजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलात, महिन्याच्या पहिल्या रविवारी ही बैठक भरायची. भिंतीवर पडदा, खाली सतरंजी, मागे चार बाकं. मंडळाचे प्रमुख वेणीमाधव सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी घालून दिलेला नियम सगळे पाळायचे. फोटो बिननावाचा दाखवायचा, बाकीच्यांनी मोकळेपणी बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही. सर म्हणायचे, "फोटोला स्वतःचं तोंड असतं. शेजारी उभं राहून तुम्ही त्याची वकिली करायची नाही." सगळ्यांचं झालं की सर मागे वळून म्हणायचे, "आता धनी बोला." मग ज्याचा फोटो त्यानं काय ते सांगायचं. बहुतेक जण नुसते "आभारी आहे" म्हणून खाली बसायचे.

उदयसिंहचं होटगी रस्त्याला मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. सुट्टी मिळाली की हा उजनीच्या पाण्याकाठी पक्ष्यांमागे पोटावर सरपटायचा. जीभ तिखट, शेंगाचटणीत मिरची जरा जास्त पडावी तशी. पण मनात काही ठेवायचा नाही.

"काय बघतोय हा माणूस?" तो पुढे म्हणाला. "आपल्याला बघायचंय त्याला, आणि तो घरी कुणी नसल्यासारखा बसलाय. डोळ्यांत काहीच नाही हो सर."

शेवटच्या बाकावर श्रीदेवी बसली होती. पदर दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. फोटो तिचा होता, आणि फोटोतला माणूस तिचा नवरा होता. बोल लागला, हे खरं. पण छातीवरचं काहीतरी हलकं झालं, हेही तितकंच खरं. कारण गेली दोन वर्षं हे वाक्य तिला कुणीच बोलून दाखवलं नव्हतं. डॉक्टर म्हणत, वय झालं, जपा. पाहुणे म्हणत, होतील बरे. पुण्याची लेक अपेक्षा फोनवर बघून म्हणायची, "आई, आप्पा किती छान दिसतायत गं!" आणि इथं, ओळख ना पाळख, एका दुकानदारानं एका नजरेत ओळखलं होतं की हा माणूस तिथं नाही.

गुरप्पांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नजर काय होती, ते सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही. बाजार समितीत कांद्याच्या लिलावात ते पुकारा करायचे. समोर कांद्याचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं रिंगण. व्यापारी काही तोंडानं बोली बोलत नाहीत. कुणी भुवई उडवतो, कुणी गुडघ्यावरचं बोट हलवतो, कुणी नुसता कान खाजवतो. गुरप्पांच्या डोळ्यांतून एक भुवई निसटायची नाही. पुकारा तोंडानं चालू आणि डोळे रिंगणभर फिरते. तीच नजर घेऊन ते घरी यायचे. ताट वाढताना श्रीदेवीनं मान जरा जास्त खाली घातली, तर घास हातातच ठेवून विचारायचे, "काय झालं? कोण काय बोललं?" नवऱ्यापासून डोकेदुखीसुद्धा लपवता येत नाही, म्हणून ती लटकं रागवायची. देवा, काय तिचं भाग्य होतं, आणि तिला ते भांडण वाटत होतं!

मग विसर पडू लागला. आधी भाव विसरले, मग रस्ते, मग गावाकडच्या, दुधनीच्या घरची माणसं. आणि एक दिवस नजरच उठून गेली. डोळे उघडे, तब्येत ठणठणीत, भाकरी दिली की खातात, चूळ भरा म्हटलं की भरतात. पण बघत नाहीत. श्रीदेवी समोरून गेली काय आणि वाऱ्यानं पडदा हलला काय, सारखंच.

अपेक्षानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आईकडे ठेवला आणि आप्पांचे फोटो पाठवत जा म्हणाली. श्रीदेवी वाचनालयात पुस्तक बदलायला जायची, तिथं जिन्यात मंडळाची पाटी दिसली. अशी ती या हॉलात येऊन पोचली. फोटोतला माणूस कोण, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. 'आमच्या वळखीचे हायत' एवढंच. नवरा आहे, आजारी आहे म्हटलं असतं, तर इथलेही म्हणाले असते, छान आहे हो. छान ऐकून तिचे कान किटले होते.

त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झाल्यावर वेणीमाधव सर समजुतीनं म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्यानं फोटो काढलाय. वरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत माणूस बघत नाही. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मग बघतील."

मग बघतील!

सर फोटोबद्दल बोलत होते. श्रीदेवीनं ऐकलं ते वैद्यानं औषध सांगावं तसं. तिची चूक म्हणाल तर एवढीच. मंडळातला प्रत्येक जण घरी जाऊन फोटो सुधारत होता, आणि ही माणूस सुधारायला निघाली.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीपुढे फरशीवर गुडघे टेकून बसू लागली. गुडघे बोलायचे, पण बसायची. कॅमेरा अगदी गुरप्पांच्या डोळ्यांच्या रेषेत. पुढच्या बैठकीत सर म्हणाले, "उंची जमली. आता उजेड बघा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात." मग तिनं शेजारच्या बजाबाईला हाताशी धरून खाट खिडकीपाशी ओढली. बजाबाई मोहोळकडची, हाताला जड आणि तोंडाला त्याहून जड. ती बैठकीच्या दिवशी गुरप्पांपाशी बसायची.

"अगं, खाट हिकडं, कपाट तिकडं," बजाबाई धापा टाकत म्हणाली, "घर हाय का नाटकाचा तंबू?"

"सर म्हणलेत, उजेड पायजे."

"सरला म्हणावं, तूच ये खाट वडायला!"

ठिपका आला. डोळ्यांत खिडकी चांगली चौकोनी उमटली. नजर आली नाही. पुढच्या बैठकीत संस्कृतीनं सुचवलं. ही दातांची डॉक्टर, मंडळात सगळ्यांत मवाळ. "काकू, कॅमेरा तयार ठेवून नावानं हाक मारा. माणूस वळतो ना, तो क्षण सगळ्यांत खरा असतो."

नावानं हाक! श्रीदेवीनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. 'अवो' आणि 'ऐकलं का' यावरच तिचा संसार झाला होता. घरी येऊन ती कॅमेरा धरून बसली. "अवो" म्हणून झालं. "आप्पा" म्हणून झालं. कन्नडमधून "इल्ली नोड्री, हिकडं बघा" म्हणूनही झालं. दुधनीकडची माणसं, घरात निम्मं कन्नड चालायचंच. शेवटी तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात सिद्धरामेश्वराची क्षमा मागितली आणि मोठ्यांदा म्हणाली, "गुरप्पा!"

दारात बजाबाई उभी होती. तिनं तोंडावर पदरच घेतला. "अगं बया बया! नवऱ्याचं नाव घ्याया उखाणा लागतो. तू तर कांद्याचा भाव वरडल्यागत वरडलीस की!"

श्रीदेवीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. गुरप्पा खिडकीच्या गजाकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

दिवसातली एक वेळ मात्र अशी होती की त्यांची नजर ठरायची. सकाळी स्नान झालं की ते गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे बघत बसत. सगळं विसरले, पण तेवढं हातांना आणि डोळ्यांना पाठ राहिलं होतं. त्या घडीला डोळ्यांत असं काही यायचं की उदयसिंह सतरंजीवरून उठून उभा राहिला असता. कॅमेरा कपाटात होता, दोन पावलांवर. श्रीदेवीनं एकदा कपाटाचं दार उघडलंही. मग तसंच लावून घेतलं. ती नजर देवासाठी होती. देवाच्या ताटातलं उचलून आपल्या ताटात कसं वाढून घ्यायचं?

असे महिने गेले. बैठकीत लोक नवं नवं सांगत राहिले, ती करत राहिली. आवडीचं काही दाखवा, म्हणून तिनं सूप भरून कांदे पुढे ठेवले. त्यांनी एक कांदा उचलला, सालपट काढलं, परत ठेवला. आवाज करा, म्हणून तिनं पितळी पेला वाजवला. बजाबाई म्हणाली, "त्यास्नी न्हाय, मला जाग आली." कंटाळा कुणाला आला नव्हता, सगळे मनापासून सांगत होते. आणि सांगण्यासारखं आता त्यांच्याकडेही फारसं उरलं नव्हतं.

मग तो दिवस आला.

दुपार कलली होती. श्रीदेवी मार्केटातून परतली ती पुढच्या दारानं, उन्हातून, पायात चप्पल, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. वाटेत चिंचेवरचे पोपट काढावेत म्हणून तिनं कॅमेरा बाहेर काढून गळ्यात अडकवला होता, तो तसाच. उंबऱ्यात पाऊल टाकलं, आणि खाटेवरच्या गुरप्पांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

बघितलं म्हणजे बघितलं. डोळ्यांत डोळे घालून. लिलावातल्या रिंगणात बघायचे तसं, नवं गिऱ्हाईक जोखावं तसं. श्रीदेवीचा पाय उंबऱ्यातच थांबला.

"यार्री नीवु?" त्यांनी विचारलं. तुम्ही कोण? आणि मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "फोटो काढाय आलाव काय?"

मी श्रीदेवी, असं म्हणावं, तर ही नजर पुन्हा निघून जाईल. भीतीनं तिच्या तोंडून आलं, "व्हय."

गुरप्पांनी टोपी सारखी केली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. बोटं चुकली, पुन्हा लावलं. आणि खाटेवर बसल्या बसल्या ते एका कडेला सरकले. डाव्या बाजूची जागा त्यांनी तळहातानं पुसली, चादरीची सुरकुती काढली.

"जरा थांबा की वो, बाई. आमची मंडळी आत हाय. ती आल्याबगर काढू नगा. हितं बसती ती, माझ्या डाव्या हाताला." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, पूर्वीच्या पुकाऱ्यातला आवाज काढून, "अगं ए श्रीदेवी! ये की भायेर, फोटोवाल्या बाई आल्यात!"

श्रीदेवी उंबऱ्यात उभी होती. ओ द्यायला तिचे ओठ हलले. पण हाक आत गेली होती, आणि ती बाहेर होती.

"येत्यात त्या," ती कशीबशी म्हणाली. "तवर एक काढू?"

"काढा," गुरप्पा म्हणाले. "पण जागा धरून काढा."

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. खांदा दाराच्या चौकटीला टेकवला. कॅमेऱ्यातून तिच्याकडे तो माणूस बघत होता, ज्याच्यापासून तिला डोकेदुखीही लपवता येत नव्हती. तिनं कळ दाबली. फोटो निघाला. थोड्या वेळानं त्यांची मान पुन्हा खिडकीकडे वळली.

बैठकीत तो फोटो पडद्यावर आला आणि मागच्या बाकांवरचे दोघेतिघे उठून पुढे आले. कीर्तन रंगलं की मागचे पुढे सरकतात ना, तसं झालं. मग उदयसिंह हळूच म्हणाला, "आता आहे. आता हा माणूस तिथं आहे."

"काय बघतायत हो!" संस्कृती म्हणाली. "कुणीतरी फार जवळचं येणार आहे, असं बघतायत."

वेणीमाधव सरांनी चष्मा पुसला. "प्रदर्शनात हा पहिल्या भिंतीवर लावायचा. फक्त एक करा. उजवीकडे ही एवढी मोकळी जागा कशाला? माणूस एका कडेला, आणि निम्मी खाट रिकामी. डोळा त्या रिकाम्या चादरीवर घसरतोय."

"तेच म्हणणार होतो," उदयसिंह म्हणाला. "काप मारा सर. आत्ता दाखवा."

सरांनी लॅपटॉपवर बोट फिरवलं. पडद्यावर फोटोची उजवी कड आत सरकू लागली. चादर गेली, सुरकुती काढलेली जागा गेली, खाटेचा पाय गेला. मध्यभागी गुरप्पा एकटे राहिले, मोठे, देखणे, थेट बघणारे. सगळ्यांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं. आणि खोटं कशाला बोलायचं, फोटो खरंच सुधारला होता. श्रीदेवीलाही ते दिसलं. इतके महिने बसून तिचा डोळाही तयार झाला होता.

"आता धनी बोला," सर म्हणाले.

श्रीदेवी उठून उभी राहिली. "त्यांनीच सांगितलंवतं," ती म्हणाली, "जागा धरून काढा म्हणून."

उदयसिंह हसला, मायेनंच हसला. "काकू, आता समोरच्यानंच फ्रेम ठरवली तर आपण करायचं काय? कोण बसणार होतं तिथं?"

"त्यांची मंडळी."

"मग? आल्या नाहीत?"

तिनं पडद्याकडे बघितलं. सगळे थांबले होते, चांगली माणसं, तिचं चांगलं चिंतणारी. काय सांगायचं यांना? आली होती म्हणायचं, की आली नव्हती?

"न्हाय," ती म्हणाली.

"मग कापा," सर म्हणाले. "न आलेल्या माणसाला फोटोत जागा ठेवून कसं चालेल, बाई?" हॉल हसला. श्रीदेवीही हसली. प्रदर्शनासाठी कापलेला फोटो छापायचा ठरला, आणि पुढच्याचा फोटो पडद्यावर आला.

घरी आली तेव्हा बजाबाई तूर निवडत बसली होती. "आज गप गुमान हायत बग," एवढं सांगून ती सूप घेऊन निघून गेली. गुरप्पा खाटेवर होते. श्रीदेवीनं चप्पल काढली, कॅमेरा खुंटीला अडकवला. आत जाऊन पाणी प्यावं, एवढाही जीव राहिला नव्हता. ती खाटेवर बसली, त्यांच्या डाव्या हाताला, आणि डोळे मिटले.

शेजारी चुळबुळ झाली. गुरप्पा अंग चोरून जरा पलीकडे सरकले. मग परक्या बाईशी बोलावं तसं, खाली बघत, आदबीनं म्हणाले, "बाई, राग धरू नगा. तितं आमची मंडळी बसती."

श्रीदेवीनं डोळे उघडले. ती उठली. आपण बसलो होतो तिथली चादर तिनं हातानं नीट केली.

"कुटं गेल्यात त्या?" तिनं विचारलं.

"आत हाय की. भाकरी थापतीया. यील आता."

"मग मी हितं बसू का? खाली?"

"बसा की. लई येळ न्हाय लागायचा."

ती खाटेच्या पायाला टेकून फरशीवर बसली. वर खाटेवर गुरप्पा, शेजारी त्यांनी धरून ठेवलेली जागा. आणि दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

एवढीच कथा. आता घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, तेव्हा या दोघांची आठवण करा. त्यांच्यासाठी काही मागा असं सांगत नाही. काय मागावं ते सांगणाऱ्यालाही सुचलेलं नाही. नुसती आठवण करा. आणि त्यांना एकमेकांशेजारी आठवा.